कोणती फट बुजवायची आणि कोणती नाही?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. मधले ‘अं… अं…’ काढून टाकलेत, एक-दोन ठिकाणी वाक्यं सरळ केलीत. बाकी बोललो तसंच आहे.

विषय जरा विचित्र वाटेल. घरातली आग आणि घरात शिरणारा गार वारा, या दोघांचा इतिहास. नाशिकमध्ये बसून फायरप्लेसबद्दल काय बोलायचं, असं म्हणू नका. शेवटी आपण आपल्याच बाथरूमपाशी येणार आहोत.

एक फोन आणि एक खिडकी

जानेवारीतली गोष्ट. इंदिरानगरमध्ये सकाळचे साडेसहा. थंडी अशी की जॉगिंग ट्रॅकवर नेहमीचे काकालोकसुद्धा कमी दिसत होते. आदल्या रात्री ऑफिसचं एक रिलीज होतं, त्यामुळे माझी झोप धड झालेली नव्हती. तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल. ती न्यू जर्सीला असते. तिच्याकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजले होते.

“अरे, आमची फायरप्लेस गारठा ओकतेय,” ताई म्हणाली. “चालू असते तेव्हा ठीक. बंद केली की अर्ध्या तासात तिच्या कडेने गार वारा यायला लागतो. सोफ्यावर बसलं की पाय बधिर होतात. दाजींनी खालच्या फटीत टॉवेल कोंबलेत, तरी काही उपयोग नाही.”

मी फोनवर बोलतोय आणि इकडे आई काय करतेय? बाथरूमच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांमध्ये जुने पेपर घडी करकरून बसवतेय. वर चिकटपट्टी. “अंघोळीला बसलं की पाठीवर वारा येतो नुसता,” म्हणाली.

बारा-साडेबारा हजार किलोमीटरचं अंतर, आणि दोन्ही घरांत एकच काम चाललेलं. थंडी आत येते ती भोकं बंद करायची. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फोन ठेवला आणि अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर डोकं जड, जरा मळमळल्यासारखं. म्हटलं, जागरण. एक गोळी घेतली आणि लॅपटॉप उघडला.

हे लक्षात ठेवा. यावर परत येणार आहे.

आजोळचा बंब

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. हिवाळ्यात पेपरला जो नीचांकी आकडा येतो तो बऱ्याचदा तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा असतो. पारा फार उतरला की द्राक्षवाले शेतकरी पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, घड वाचावेत म्हणून.

आजीच्या घरी मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी तो फक्त शोभेची वस्तू म्हणून हॉटेलात पाहिलाय, म्हणून सांगतो. बाहेर पाण्याचं भांडं, त्याच्या मधोमध एक उभी नळी. नळीत वरून चिपाडं, लाकडाचे तुकडे, गोवरीचे खांड टाकायचे. नळीच्या तळाला जाळी, जाळीखाली राखेसाठी जागा आणि तिला एक तोंड. हवा खालून शिरते, आग नळीत जळते, धूर वरून जातो आणि जाता जाता पाणी तापवतो.

आजी रोज सकाळी पहिलं काम करायची ते खालची राख ओढून काढायचं. राख साचली की बंब धुमसायचा, पाणी तापायचं नाही आणि डोळे चुरचुरायचे. “खालचं तोंड मोकळं ठेव, तो श्वास तिथून घेतो,” हे तिचं वाक्य. भौतिकशास्त्राचं पुस्तक तिने कधी उघडलं नव्हतं, पण आगीला दोन भोकं लागतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. एक हवा आत यायला, एक धूर बाहेर जायला.

शिवाय बंब अंगणात होता. स्वयंपाकघरातली चूल आत होती, पण वर कौलं. कौलांच्या फटींतून धूर जायचा आणि त्याच फटींतून थंडी यायची. म्हणजे घर गार, पण हवा खेळती. भिंती काळ्या, आजीचे डोळे लाल, तरी कोणी बेशुद्ध पडलं असं त्या घरात ऐकलं नाही.

आता इथून एक उडी मारायचीय. कारण ताईच्या घरातली ती पेटी जिथून आली, ती गोष्ट अमेरिकेतच सुरू होते.

पोस्टमास्तरांची लोखंडी पेटी

आपल्याकडे फायरप्लेस पाहायची तर महाबळेश्वरचे जुने बंगले. १८२८-२९च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात इंग्रजांनी तिथे वस्ती केली आणि येताना आपली भिंतीतली शेकोटीही आणली. दिसायला छान. पण यंत्र म्हणून बघाल तर फायरप्लेस फार वाया घालवणारी गोष्ट आहे.

कारण काय? आग पेटली की गरम हवा चिमणीतून वर जाते. नुसती धुराची हवा नाही, खोलीतलीही भरपूर हवा ती सोबत घेऊन जाते. एवढी हवा बाहेर गेली तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. ती येते दाराखालून, खिडक्यांच्या फटींतून, बाहेरची थंडगार. म्हणजे आग जितकी मोठी, तितका पाठीवर वारा जास्त. समोरून भाजताय, मागून गोठताय.

हा प्रश्न ज्याने गंभीरपणे घेतला तो बेंजामिन फ्रँकलिन. तोच, पतंग आणि विजेवाला. त्या वेळी तो फिलाडेल्फियात छापखाना चालवायचा आणि तिथला पोस्टमास्तर होता. त्याने एक लोखंडी पेटी बनवली, जी आधीच्या विटांच्या फायरप्लेसच्या खोबणीत बसवायची. १७४४ साली तिच्यावर एक पुस्तिका छापली. पेटंट देऊ केलं होतं, ते त्याने नाकारलं. मला हे वाचून एकदम ओपन सोर्सवाला माणूस वाटला.

या पेटीतली खरी हुशारी लोखंडात नव्हती, हवेच्या वाटेत होती. बाहेरची हवा जमिनीखालच्या वाटेने पेटीच्या एका बंद कप्प्यात यायची, तिथे तापायची आणि मग खोलीत सुटायची. म्हणजे फ्रँकलिनने फटींशी भांडण केलं नाही. त्याने असा विचार केला की हवा येणारच आहे, तर ती माझ्या वाटेने येऊ दे, आणि गरम होऊन येऊ दे.

पेटी फार चालली असं नाही. धूर उलटून खोलीत यायची तक्रार असायची. पण माणूस विसरला नाही. १७८५ साली, जवळजवळ ऐंशीच्या घरात असताना, फ्रान्सहून अमेरिकेला परत जाताना जहाजावर त्याने यान इंगेनहाउस या शास्त्रज्ञ मित्राला एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय, चिमण्या धूर का ओकतात. त्यात त्याने पहिलं कारण दिलंय ते असं की नवीन घरं फार घट्ट बांधलेली असतात! सुतारकाम चांगलं, दारं-खिडक्या नीट बसलेल्या, त्यामुळे आगीला हवाच मिळत नाही.

मग त्याने तपासायची रीत दिलीय, ती मला फार आवडते. आग चांगली पेटवा. दार हळूहळू लावत आणा. ज्या क्षणी धूर खोलीत यायला लागेल तिथे थांबा, आणि धूर बंद होईपर्यंत दार किंचित उघडा. आता ती फट मोजा. समजा आठ फूट उंच दाराला अर्धा इंच फट राहिली, तर ४८ चौरस इंच. तुमच्या आगीला तेवढं भोक लागतं. साधारण ३६ चौरस इंच बहुतेक चिमण्यांना पुरतात, असंही तो सांगतो. आणि ते भोक खाली पायाशी ठेवू नका, वर छताजवळ ठेवा, म्हणजे गार हवा उतरताना खोलीतल्या गरम हवेत मिसळेल आणि पायांना झोंबणार नाही.

बघा, १७८५मधलं डिबगिंग आहे हे! अंदाज नाही, वाद नाही. एक गोष्ट बदला, परिणाम बघा, आकडा लिहा.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, १७९६ साली, काउंट रम्फर्डने चिमणीचा गळा अरुंद करायला सांगितलं आणि बाजूच्या भिंती तिरक्या केल्या. वर जाणारी फुकटची हवा कमी झाली, उष्णता खोलीत जास्त आली. लंडनमध्ये घराघरांत फायरप्लेस तशा बदलून घ्यायची लाट आली. पण रम्फर्डनेही गळा अरुंदच केला, बंद केला नाही.

गॅस आला आणि धूर दिसेनासा झाला

इथपर्यंत चूक झाली तर शिक्षा ताबडतोब मिळायची. हवा कमी पडली की धूर, धूर आला की खोकला, खोकला आला की माणूस खिडकी उघडणार. धूर हा एरर मेसेज होता म्हणा.

एकोणिसाव्या शतकात कोळशाचा गॅस नळाने घरात आला. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. १८५५च्या सुमारास बुन्सेनच्या प्रयोगशाळेतला तो बर्नर आला, हवा आधीच मिसळून निळी, स्वच्छ ज्योत देणारा. काजळी नाही, राख नाही. लोकांना वाटलं, धूरच नाही तर धुराडं कशाला?

१८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या माणसाने गॅसवर चालणारं, लगेच गरम पाणी देणारं यंत्र काढलं. आइसलँडच्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याला नाव दिलं ‘गीझर’. हो, आपण बाथरूममध्ये रोज म्हणतो तो शब्द तिथून आलाय. आणि मॉनच्या त्या पहिल्या गीझरला जळका वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती. गरम पाणी नळातून, जळका वायू खोलीत.

निळ्या ज्योतीतून धूर दिसत नाही हे खरं, पण हवा कमी पडली की तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो आणि जळताना तो संपून जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात स्वतःच्या शरीरावर याचे प्रयोग केले आणि खाणीत आधी इशारा मिळावा म्हणून लहान पक्षी न्यायला सांगितलं. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग पायातलं त्राण जातं. वाईट म्हणजे विचारशक्तीही मंदावते. दार उघडायला हवं हे सुचतच नाही.

थोडक्यात, बग तोच राहिला. एरर मेसेज तेवढा गेला.

इंग्लंडात १९५२च्या डिसेंबरमध्ये लंडनवर ते भयंकर धुरकं पसरलं, त्यात हजारो माणसं गेली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा आला, कोळशाच्या शेगड्यांवर निर्बंध आले. मग जुन्या चिमण्यांच्या खोबणीत गॅसच्या शेगड्या बसायला लागल्या. आपल्याकडे त्याच सुमारास, १९५५ साली, बर्मा शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. आपला गॅस चुलीच्या जागी आला, त्यांचा फायरप्लेसच्या जागी. दोन्हीकडे भोकं मात्र जुन्या आगीच्या हिशेबाने ठेवलेली होती.

ताईच्या शेजारच्याच गावात

आता १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत घर गरम ठेवणं एकाएकी महाग झालं. सगळ्यांनी फटी बुजवायला सुरुवात केली. माळ्यावर काचतंतूंच्या गाद्या घाला, खिडक्यांना पट्ट्या लावा.

न्यू जर्सीतच ट्विन रिव्हर्स नावाची नवी वसाहत होती, एकसारख्या जोडघरांची. ताईच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलो यांच्या गटाने त्या घरांत अनेक वर्षं मोजमाप केलं. घरं सारखी, आराखडे हातात, म्हणजे गणित सोपं असायला हवं. पण माळ्यावाटे जाणारी उष्णता गणितापेक्षा कितीतरी जास्त निघाली. माळ्यावर गाद्या तर नीट घातलेल्या!

यान बेया, गौतम दत्त आणि थॉमस वोटेकी यांनी याचा छडा लावला. दत्त हे नाव वाचून मी साहजिकच खुर्चीत सरसावून बसलो. त्यांना सापडलं ते असं की तळघरातल्या भट्टीची धुराची नळी वर जाते, तिच्याभोवती एक पोकळी सोडलेली होती. ती पोकळी तळघरापासून थेट माळ्यापर्यंत उघडी. शिवाय दोन घरांमधल्या भिंतीच्या ठोकळ्यांतही पोकळ्या. गरम हवा गादीतून झिरपायच्या भानगडीत पडतच नव्हती. ती या चोरवाटेने सरळ वर जात होती. आराखड्यात ही वाट कोणी दाखवलेली नव्हती, म्हणून गणितात आली नव्हती. पुढे याच वसाहतीतल्या एका घरात चोरवाटा बुजवून आणि इतर सुधारणा करून घर तापवायला लागणारी ऊर्जा दोन-तृतीयांशाने खाली आणून दाखवली.

या संशोधनातून मला उमगलेली गोष्ट ही: वारा जिथून आत येतो, तिथेच दोष असतो असं नाही. गरम हवा वरून बाहेर पडते म्हणून खालून गार हवा ओढली जाते. थंडीत अख्खं घरच एक चिमणी बनतं. हिशेब करून बघितला. सहा मीटर उंची, आत २० अंश, बाहेर उणे १० अंश, तर दाबाचा फरक साधारण ८ पास्कल. म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर पाण्याचं वजन. ऐकायला काहीच नाही, पण तो रात्रंदिवस ओढत राहतो.

ताईची फायरप्लेस

आता ताईच्या घरी चला. तिचं घर जुनं, विटांची चिमणी बाहेरच्या भिंतीला लागून. आधीच्या मालकाने खोबणीत गॅसची पेटी बसवलेली. तिकडे तिला इन्सर्ट म्हणतात. फ्रँकलिनच्या पेटीची पणती म्हणा ना! पुढे घट्ट काच. पेटीतून दोन लवचीक नळ्या चिमणीतून वर जातात. एकीतून बाहेरची हवा आगीपर्यंत येते, दुसरीतून जळका वायू बाहेर जातो. आग खोलीतली हवा वापरतच नाही. पेटीच्या बाहेरच्या बाजूने मात्र खोलीची हवा फिरते. खालच्या फटीतून आत, पेटीला शेकून, वरच्या फटीतून बाहेर.

आणि दाजींनी टॉवेल कोंबले होते ते नेमके या खालच्या फटीत!

संध्याकाळी मी परत फोन केला. आधी टॉवेल काढायला लावले. तिथे हवा अडली तर पेटी नको तितकी तापते आणि टॉवेलच पेट घेऊ शकतो. मग गॅसचा कॉक बंद, पेटी पूर्ण गार झालेली, आणि ताईच्या देवघरातली उदबत्ती आणली. ती पेटीच्या भोवती हळूहळू फिरवायची आणि धूर कुठे हलतो ते बघायचं. फ्रँकलिनची रीत, फक्त व्हिडिओ कॉलवर.

काचेपाशी धूर सरळ वर. खालच्या फटीपाशी धूर खोलीत ढकलला जातोय. बाजूच्या पत्र्याची चौकट आणि विटा यांच्यामध्ये तेच. गॅसची नळी विटांतून आत येते त्या भोकापाशी तर उदबत्तीच लवली. मग मी म्हटलं, “ताई, आता वर जा, माळ्याच्या झाकणाखाली धर.” तिथे धूर झाकणाच्या कडेने सुर्रकन वर ओढला गेला. ट्विन रिव्हर्सच!

उरलेलं काम दाजींनी स्वतः केलं नाही, गॅसच्या फायरप्लेसचं रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस बोलावला. त्याने पेटी पुढे ओढली तेव्हा मुख्य भोक दिसलं. चिमणीच्या गळ्यात पूर्वी लोखंडी झाकण असायचं. नळ्या न्यायला ते काढून टाकलेलं, आणि नळ्यांभोवतीची जागा तशीच उघडी. म्हणजे घराची दिवाणखोली आणि थंडगार चिमणी यांच्यात काही नव्हतंच, एक पत्र्याची चौकट सोडली तर.

त्याने काय केलं ते क्रमाने सांगतो. गळ्याच्या मापाचा पत्रा कापला, नळ्यांपुरती भोकं ठेवली, वर खनिज लोकर भरली. ही लोकर जळत नाही. कडा जास्त तापमान सोसणाऱ्या लुकणाने बंद केल्या. गॅसच्या नळीचं भोक बुजवलं. चौकटीच्या मागे उष्णता सोसणारी दोरी बसवली. चिमणीच्या टोकाला नळ्यांभोवतीचा पत्रा सुटला होता, तो नीट केला. माळ्याच्या झाकणाला पट्टी लावली.

आणि काय बुजवलं नाही, ते जास्त महत्त्वाचं. खालची-वरची हवेची फट नाही. दोन नळ्या नाहीत. छतावरचं त्यांचं तोंड नाही, उलट त्यावर साचलेला बर्फ झाडायला सांगितलं. खिडकीला मारतात तो फुगणारा फोम पेटीच्या आसपास कुठेही नाही, कारण तो जळतो. शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासला, तो जुना झाला होता, बदलायला लावला.

वारा बंद झाला. गारठा शंभर टक्के गेला नाही, हेही सांगतो. पेटीच्या आत बाहेरचीच हवा असते, त्यामुळे बंद असताना काच गार पडते आणि काचेजवळची हवा गार होऊन खाली उतरते. तेवढं राहणारच. पण पाय बधिर होणं थांबलं.

आणि आमचं बाथरूम

आता ते राहिलेलं. संध्याकाळी ताईला मी फोनवर तावातावाने सांगत होतो, “अगं, गॅस जळतो तिथली फट न विचारता बुजवायची नाही!” आणि बोलता बोलता माझी नजर बाथरूमच्या खिडकीकडे गेली. पेपर. चिकटपट्टी. आत भिंतीवर आमचा गॅस गीझर.

सकाळचं डोकं दुखणं जागरणाचं नव्हतं.

आमचा गीझर ज्या मेकॅनिकने बसवला त्याने तो बाथरूमच्या आतच लावला होता, जळका वायू बाहेर नेणारी नळी न लावता. आम्हीही विचारलं नाही. वर्षानुवर्षं चाललं, कारण ती काचपट्ट्यांची खिडकी उघडी होती. ती खिडकी म्हणजे आमच्या बंबाचं खालचं तोंड होतं आणि वरचंही.

मग बसून हिशेब केला. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण साडेदहा किलोवॉट लागतात, थोडी उष्णता वाया जाते ती धरून बारा. म्हणजे तासाला एक किलोच्या आतबाहेर गॅस. एक किलो गॅस जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. आमचं बाथरूम साडेसहा फूट बाय चार फूट, उंची आठ फूट, म्हणजे सहा घनमीटरसुद्धा नाही. गीझर दहा मिनिटं चालला तर दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो. खोलीतल्या हवेचा एक-तृतीयांश! ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४च्या आसपास. आणि ज्योत त्याच्या बरीच आधी बिघडायला लागते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तेव्हापासूनच सुरू.

मी त्या सकाळी घाईत होतो, पाच-सहा मिनिटांत बाहेर आलो. माझ्यानंतर आई जाणार होती. तिची अंघोळ निवांत असते, स्तोत्र म्हणत. तिच्या नशिबाने त्याच वेळी दूधवाला आला, मग कामवाल्या मावशी, आणि अंघोळ दुपारवर गेली. दुपारी ऊन होतं म्हणून तिने खिडकीवरचा पेपर एका बाजूने सोडला होता. इतक्या छोट्या गोष्टीवर सगळं अवलंबून होतं, हे कळल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. आणि या वेळी ऑफिसचं काही काम नव्हतं.

दर हिवाळ्यात आपल्या पेपरात अशा बातम्या येतात. नाशिक, पुणे, मुंबई. बाथरूममध्ये तरुण मुलगी, नवविवाहित जोडपं. आपण हळहळतो आणि ‘गीझरचा स्फोट’ असं काहीतरी समजून पुढे जातो. स्फोट वगैरे काही नसतो. थंडी वाजत होती म्हणून कोणीतरी खिडकी लावलेली असते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपर काढला. आठवड्याभरात गीझर मागच्या उघड्या बाल्कनीत हलवला, आता फक्त गरम पाण्याची नळी आत येते. आईला पाठीवर वारा लागू नये म्हणून खिडकीच्या खालच्या पट्ट्यांवर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा लावला, वरच्या उघड्या ठेवल्या. हवा वरून येते, अंगावर येत नाही. ही कल्पना फ्रँकलिनची, २४० वर्षं जुनी.

आईला हे सगळं समजावत होतो, हिमोग्लोबिन, घनमीटर वगैरे. ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे माझी आई बंबाची राख काढायची, तेच ना?”

हो. तेच.

जाता जाता

माणसाने थंडी अडवायला दर शतकात नवी युक्ती काढली. घरं घट्ट झाली, चिमण्यांचे गळे अरुंद झाले, धूर दिसेनासा झाला. यातली एकही सुधारणा वाईट नव्हती. चूक तेव्हा झाली, जेव्हा फट बुजवणाऱ्याने ती फट कोणाच्या उपयोगाची आहे हे विचारलं नाही. कोड साफ करतानाही आपण असंच करतो ना? ‘ही ओळ कशाला आहे?’ म्हणून उडवतो, आणि मग रात्री तीनला फोन येतो.

म्हणून आज घरी एवढं करा. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर हलवायची तजवीज करा. तोपर्यंत बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मगच दार लावा. खिडकी, झडप, दाराखालची फट, काहीही बुजवलं असेल तर मोकळं करा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल तर वापर थांबवा आणि तपासून घ्या. अंघोळीत डोकं जड झालं तर ते जागरण, पित्त किंवा उपास आहे असं धरून चालू नका. आधी बाहेर या, मोकळ्या हवेत. आणि परदेशात कोणी भाऊ-बहीण असेल तर त्यांना विचारा की फायरप्लेसच्या खाली टॉवेल तर नाही ना.

तुमच्या घरी बंब होता का? तो कुठे ठेवलेला असायचा, आत की अंगणात? मला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या, आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवा. भेटूच!